दुधाची आवकजावक

मूल बरोबर घेऊन प्रवासास निघालेल्या स्त्रीचे सामान आणि मूल घरी ठेवून प्रवासास निघालेल्या स्त्रीचे सामान यांची तुलना करण्याचा योग ज्यांना कधी आला नसेल, त्यांची स्वाभाविक समजूत अशी असते, की दुसरीचे ओझे पहिलीपेक्षा हलके असावे. कारण काही नाही तरी मूल तरी त्यातून वजा झालेले असते. ही समजूत समूळ चुकीची आहे. मूल बरोबर असले म्हणजे एक दुपटे, दोन झबली, चार लंगोट आणि काजळाची डबी एवढ्यावर भागते, कारण बाळाचे मुख्य अन्न आईपाशी, हव्या त्या वेळी, हव्या त्या उष्णमानाचे, झाकण न उघडता व भांडे न विसळता सिद्ध असते. तेच मूल आजीच्या मांडीवर ठेवून आईने एकटीने एस.टी.त पाऊल टाकायचे म्हटले, की त्या अन्नाच्या उत्पादनाची, साठवणुकीची, शीतकरणाची, वाहतुकीची आणि हिशेबाची सारी खाती एकाएकी उघडावी लागतात, आणि जे काम निसर्ग आजवर बिनबोभाट करीत होता त्यासाठी एका मोठ्या पिशवीची, तिच्या आत दुसरीची व त्या दुसरीच्या आत तिसरीची प्रतिष्ठापना करावी लागते.

या विषयावर लेखणी उचलण्याचा एका सासऱ्याला अधिकार काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो गैरवाजवी नाही. ज्या पिढीत मी वाढलो त्या पिढीतला सासरा सुनेच्या बाळंतपणाविषयी डिंकाच्या लाडवांचा खर्च मंजूर करण्यापलीकडे चकार शब्द काढीत नसे. परंतु जव्हार-मोखाड्याच्या मुलखात महसूल खात्याची चाकरी करून मी अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालो, जामसरला घर करून राहिलो, आणि यादी करणे, जिन्नस मोजून घेणे, मोजून देणे व पावतीवर सही घेणे एवढेच एक शास्त्र या हयातीत मला अवगत झाले. तेव्हा सूनबाईंच्या प्रवासाच्या वेळी घरात जी धांदल उडाली तिच्यात माझा शिरकाव झाला तो सासरा या नात्याने नव्हे, तर भांडारपाल या नात्याने झाला, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो.

सूनबाई गावाजवळच्याच शाळेत शिक्षिका आहेत. सरकारी नोकरीतली 180 दिवसांची प्रसूती रजा संपवून त्या रुजू झाल्या तेव्हा बाळाचे उष्टावण होऊन नागलीच्या पेजेशी त्याची ओळख झाली होती; तथापि ती ओळख अद्याप औपचारिक स्वरूपाची होती आणि खरा जिव्हाळा दुधाशीच होता. शाळा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मधल्या सुट्टीत घरी येऊन जाणे सहज जमे. अडचण उद्भवली ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाचे पत्र आले तेव्हा. त्या पत्रात, प्रशिक्षणार्थींनी सोबत वही, पेन व पाण्याची बाटली आणावी, अशी सूचना होती, आणि पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या कल्पनाशक्तीची धाव तेथेच संपली होती. बाळाला बरोबर न्यावे म्हटले, तर घाटाची वळणे लागताच ते पोटातले सगळे परत करते, हा पूर्वानुभव. शिवाय दिवसभर सभागृहाबाहेर त्याला सांभाळणार कोण? आमच्या सौभाग्यवतींनी निर्णय दिला, “बाळ हलणार नाही. काय हलवायचं ते तुम्ही बघा.”

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे मात्र नाही. 1961 च्या प्रसूती लाभ अधिनियमात, कामावर परतलेल्या मातेला मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन स्तन्यविराम द्यावेत, अशी तरतूद केली गेली. 2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवावे व मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही ठरले. या सर्व तरतुदींत आई आणि मूल एकाच गावात असल्याचे गृहीत धरलेले आहे. जव्हारहून खाली उतरणाऱ्या एस.टी.त 50 हून अधिक माणसे नित्य असतात, पण तेवढ्याने ती आस्थापना होत नाही. योगायोग पाहा, ज्या पालघर जिल्ह्याच्या मुख्यालयात हे प्रशिक्षण होते तो जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी, आणि 1 ऑगस्ट हाच जागतिक स्तनपान सप्ताहाचा पहिला दिवस. म्हणजे जन्मनक्षत्र पाहता या विषयात काही विशेष आस्था या जिल्ह्याने दाखविण्यास हरकत नव्हती.

यादीचा पहिला जिन्नस अर्थातच पंप. चिरंजीवांनी तो नाशिकहून आणला, आणि पेटीतून बाहेर काढताच त्याचे इतके सुटे भाग झाले, की यंत्र एक आहे की यंत्रांचे कुटुंब आहे, असा संभ्रम पडावा. एक नरसाळे, एक नळी, एक बाटली, एक विजेवर चालणारा ठोकळा, आणि या सर्वांच्या मध्यभागी नखाएवढी एक पांढरी लवचीक झडप, जिच्यावाचून बाकीचे सगळे वैभव व्यर्थ. कारण तीच उघडझाप करून पोकळी धरते व सोडते, आणि बाळाच्या चोखण्याची जी नक्कल व्हायची ती तिच्याच जोरावर होते. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूला निर्मात्याने एवढे लहान व एवढे पांढरे का केले असावे, हे मला कळत नाही. आमच्या घरची फरशीही पांढरी आहे.

सौभाग्यवतींनी ते यंत्र दुरूनच न्याहाळले आणि “हे गाईला लावतात ना?” असा प्रश्न विचारला. प्रश्न अडाणीपणाचा वाटला तरी इतिहास त्यांच्या बाजूचा आहे. अमेरिकेत 1854 साली अशा पंपाचे पहिले पेटंट घेतले गेले तेव्हा गोठ्यातल्या दोहनयंत्राची कल्पना फार दूर नव्हती. पुढे 1956 च्या सुमारास एग्नेल नावाच्या स्वीडिश अभियंत्याने, किती ओढ दिली असता आईला इजा होत नाही याचा बारकाईने अभ्यास करून, रुग्णालयात वापरण्याजोगा पंप सिद्ध केला. त्याच्या आधी आपल्याकडे औषधाच्या दुकानात काचेच्या नळकांड्याला रबरी फुगा बसवलेला एक प्रकार मिळे, आणि त्याची आठवण निघताच सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला त्यावरून एग्नेलसाहेबांचे उपकार मानण्यास कोणाचीही हरकत नसावी. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांचे मत मात्र असे पडले, की स्वच्छ धुतलेल्या हातांइतके विश्वासू यंत्र दुसरे नाही. त्याला वीज लागत नाही, आणि झडपही नाही. हे मत यादीत लिहिण्याजोगे नसल्यामुळे शेऱ्याच्या रकान्यात घेतले.

पुढे बाटल्या, दुधाच्या पिशव्या, चिकटपट्टी व तारीख-वेळ घालण्यासाठी पेन, साबण, धुतलेले फडके, ओढणी, एक जादा पोलके, आणि वीज नसेल तेव्हासाठी हातपंप. सौभाग्यवतींनी या यादीला पुरवणी जोडून हळिवाचे लाडू, बडीशेपेची पुडी आणि शतावरीचा डबा दाखल केला, व नजर लागू नये म्हणून सर्वांवर काळी पिशवी चढवली. येथपर्यंत सर्व सुरळीत होते. झडपेपासून फडक्यापर्यंत प्रत्येक वस्तू उकळलेल्या पाण्यातून काढून, वाळवून, झाकून ठेवलेली. आणि या निर्जंतुक समुदायात सूनबाईंनी बाळाचे आदल्या दिवशीचे, लाळेने व पेजेने माखलेले, मुद्दाम न धुतलेले एक झबले आणून ठेवले. भांडारपालाच्या नात्याने मी हरकत घेतली. सूनबाई किंचित संकोचून म्हणाल्या, “बाबा, ते राहू द्या. त्याच्याशिवाय यंत्र चालत नाही.” नंतर सिस्टरांकडून खुलासा मिळाला तो असा, की यंत्र पोकळी निर्माण करते, पण पान्हा काही पोकळीने फुटत नाही, बाळाची आठवण, त्याचा वास, त्याचे रडणे यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव सुटतो तेव्हा दूध वाहू लागते, आणि भीती, घाई किंवा अपमान वाटला की तेच दूध अडते. एकूण यादीत वीजपुरवठ्यापेक्षा अत्यावश्यक असा जिन्नस तो मळका कपडाच ठरला, आणि मी तो अनुक्रमांक 1 वर चढवला.

आता बर्फ. जामसरमध्ये सर्वांत भरवशाची थंडी कोठे असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या त्या लसींच्या शीतपेटीत, जिचे उष्णमान 2 ते 8 अंशांच्या दरम्यान राखून त्याची नोंद ठेवावी लागते. दुधासाठी तीत कोपऱ्यात जागा मिळेल काय, अशी पृच्छा मी सहज करून पाहिली, आणि शीतपेटीत लसींव्यतिरिक्त खाद्यपेयाचा कणही ठेवता येत नाही, असे बाणेदार उत्तर मला मिळाले. ते ऐकून, नियम सांगताना आवाज न चढविणारी माणसे अजून सरकारात आहेत, याचे मला समाधानच वाटले. सिस्टरांनी जागा दिली नाही, पण विद्या दिली. लसीच्या डब्यात चार बर्फाच्या पाकिटांची चौकट करतात; ती पाकिटे आधी बाहेर ठेवून, घाम सुटेपर्यंत व हलवले असता आत पाणी वाजेपर्यंत थांबतात, कारण काही लसी गोठल्या की निकामी होतात. दुधाला ही भीती नाही. त्याला पाकिटे दगडासारखी गोठलेली हवीत. अशा पाकिटांच्या संगतीत बंद पेटीत ते 24 तास टिकते, शीतकपाटात चार दिवस, आणि 25 अंशांपर्यंतच्या हवेत फक्त चार तास. महसूल अधिनियमाखाली तहसीलदाराच्या हुकमावर अपील करण्यास 60 दिवसांची मुदत असते व तीही पक्षकारांना अपुरी पडते, हे ज्याने आयुष्यभर पाहिले आहे, त्याला चार तासांच्या या मुदतीचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

जव्हारच्या पंचक्रोशीत मोठमोठ्या लवाजम्यांचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा तळ शिरपामाळावर पडला होता आणि जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांचा सत्कार केला, ही कथा येथे लहान मुलासही ठाऊक आहे. त्या स्वारीचे सामान किती होते कोण जाणे, पण प्रत्येक जिन्नस कशासाठी आहे हे वाटेत कोणी विचारले नसावे. सूनबाईंच्या बर्फाच्या निळ्या पेटीची गोष्ट निराळी. जव्हारहून पालघरकडे उतरणाऱ्या गाडीत खांद्याला निळा डबा लावलेली स्त्री म्हणजे पोलिओच्या डोसवाल्या सिस्टर, अशी सर्वांची ठाम समजूत. त्यामुळे एका आजीबाईंनी तत्परतेने नातू पुढे केला, तर दुसऱ्या एका आईने तितक्याच तत्परतेने आपले पोर पदराआड लपवले. परतीच्या गाडीत त्याच डब्याचा अर्थ बदलला. पालघरहून डोंगराकडे चढणाऱ्या गाडीतला बर्फाचा डबा म्हणजे सातपाटीचे पापलेट, हे वाहकांस पक्के ठाऊक असते. “ताई, मासळी मागं ठेवा, पाणी गळतं,” असे वाहकाने बजावले. डब्यात दूध आहे, असे सूनबाईंनी सांगितल्यावर, म्हशीचे की गाईचे, हा पुढचा प्रश्न शेजारच्या काकांनी विचारला, आणि त्यास सूनबाईंनी उत्तर न देता खिडकीबाहेर पाहिले. 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना एस.टी.चे अर्धे तिकीट लागते. पेटीने मात्र पूर्ण मांडी व्यापली होती.

दिवाळी नुकतीच झालेली असल्यामुळे रस्त्यावर दुसरेही सामान हलत होते. या दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीच्या कामाला निघतात. भांडी, तांदूळ, गोधड्या, क्वचित खुराड्यासकट कोंबड्या, असे सारे बिऱ्हाड टेम्पोत चढते, आणि तान्हे मूल आईच्या अंगाला फडक्याने बांधलेले असते. त्यांच्या यादीत दूध हा जिन्नसच नाही. भट्टीवर झाडाला झोळी टांगली की तेच पाळणाघर. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच मुले जमली तर त्यांना सांभाळायला एक स्त्री नेमावी, असा कायदा आहे. भट्टीवर कोणाला नेमावे याविषयी मात्र तो कायदा काही बोलत नाही. आमच्या शेजारच्या एका वारली बाईंनी पंपाचा सारा खटाटोप ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, की साहेबांनी पोरालाच बोलावले असते तर प्रशिक्षण बिघडले असते काय? मी महसूल खात्याचा माणूस असल्यामुळे शिक्षण खात्याच्या वतीने उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही.

आता हिरकणीविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. राज्यातील बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी जे हिरकणी कक्ष असतात त्यांचे नाव रायगडच्या पायथ्याच्या त्या गवळणीवरून ठेवलेले आहे, जी कोजागिरीच्या दिवशी दूध विकायला गडावर गेली, दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली, आणि घरी तान्हे भुकेले असेल म्हणून रात्री कडा उतरून खाली आली. आख्यायिकेत बाळाच्या भुकेचे वर्णन सर्वांनी केले. आईच्या अवस्थेचे कोणी केले नाही. सकाळपासून पाजलेले नाही, पान्हा दाटून अंग ठणकते आहे, पोलके भिजते आहे, आणि डोक्यावर रिकाम्या झालेल्या दुधाच्या चरव्या आहेत, अशा स्थितीत तो कडा उतरण्याचे धैर्य नुसत्या वात्सल्याने आले असे शाहिरांनी ठरवले असले तरी, निम्मे धैर्य वेदनेने दिले असावे, असे माझे मत आहे. गडाच्या दरवाज्यापाशी आडोशाची एक कोठी असती तर कदाचित आज हिरकणीच्या नावाचा तो बुरूज नसता.

सूनबाई वाटेतल्या एका स्थानकावरच्या हिरकणी कक्षाशी पोहोचल्या, तेव्हा तेथे बसलेल्या बाईंनी विचारले, “बाळ कुठाय?” बाळ घरी आहे, असे सांगताच, कक्ष बाळाला पाजण्यासाठी आहे, बाळ नसेल तर कशाला हवा, असा सडेतोड युक्तिवाद झाला. वस्तुतः बाळ बरोबर नसणे हेच तर मूळ हिरकणीचे एकमेव क्वालिफिकेशन! बाळ कडेवर असते तर ती गडावरच पथारी पसरून निजली असती आणि सकाळी दरवाजे उघडल्यावर उतरली असती. पण ऐतिहासिक पुराव्याने द्वारपाल बधत नाहीत. सूनबाईंनी काळ्या पिशवीतून ते मळके झबले बाहेर काढून दाखवले. बाईंनी ते हातात घेतले, क्षणभर पाहिले, आणि कडी काढली. भांडारपाल म्हणून मला अभिमान वाटला, की अनुक्रमांक 1 दाखला म्हणूनही चालला.

विधिमंडळातही हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये आपले तान्हे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला हजर राहिल्या तेव्हा तेथे हिरकणी कक्ष उभा राहिला. नंतर मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यांनी तिथल्या कक्षातल्या धुळीची व गैरसोयीची तक्रार केली, आणि वृत्तपत्रांनी ती छापली. कायदे करणाऱ्या सभागृहाच्या दारात जर हे, तर प्रशिक्षणाच्या सभागृहात काय असणार? तेथे सूनबाईंना जी खोली मिळाली तीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते आणि कडी आतून लागत नव्हती. म्हणून एक सहकारी शिक्षिका दाराबाहेर पाठ टेकून उभी राहिली व ‘अध्ययन निष्पत्ती’ या विषयावरील टिपणे वाचीत राहिली. घाई आणि भीती यांनी दूध अडते, हे सिस्टरांचे शास्त्र त्या दिवशी खरे ठरले. पहिल्या खेपेला बाटलीचा तळ जेमतेम झाकला गेला. दुसऱ्या खेपेपर्यंत बाहेरच्या मैत्रिणीच्या आवाजाची सवय झाली आणि कामकाज सुरळीत पार पडले.

इकडे घरी वेगळाच कारभार चालला होता. आदल्या दिवसांत जमवून शीतकपाटात ठेवलेल्या साठ्याची आवकजावक वही माझ्याकडे होती: दिनांक, वेळ, परिमाण, शेरा; आणि जे आधी जमा झाले ते आधी खर्ची, हा दंडक. सूनबाईंचा लेखी हुकूम असा, की दूध गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करावे, उकळू नये. परंतु ज्या स्त्रीने आयुष्यात न उकळलेले दूध कोणाला दिले नाही तिच्या हातात ते दूध आणि समोर पेटलेली शेगडी, असा प्रसंग उभा राहिला म्हणजे लेखी हुकमाची किंमत काय राहते? मी वही हातात धरून शेगडी आणि सौभाग्यवती यांच्या मध्ये उभा राहिलो. थंड झालेल्या बाटलीत वर सायीचा थर जमलेला पाहून मात्र त्यांचा राग विरघळला, “बघा, किती कसदार आहे!” असे त्या शेजारणींना दाखवू लागल्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली, तेथे आया जास्तीचे दूध देतात, ते 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून कमी दिवसांच्या बाळांना पाजतात, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यातले ‘तापवून’ एवढेच त्यांनी उचलले, आणि मला पुन्हा शेगडीसमोर उभे राहावे लागले.

बाटली पाजायची नाही, असा सिस्टरांचा कटाक्ष. म्हणून वाटी-चमचा ठरला, आणि माळ्यावरून चिरंजीवांचे चांदीचे बोंडलेही उतरले. बाळाने पहिले चार चमचे संशयाने घेतले, पाचवा माझ्या धोतरावर सोडला, आणि मग आजीच्या गाण्यावर सगळी वाटी संपवली. वहीत मी ‘वाया: एक चमचा’ अशी नोंद केली. ती नोंद वाचून सूनबाईंचे डोळे भरून आले. एका चमच्यासाठी त्या खोलीत किती वेळ बसावे लागते, ते त्यांनाच ठाऊक.

रात्री गाडीतून उतरून सूनबाई घरात आल्या, तेव्हा बाळाने त्या पेटीकडे ढुंकूनही पाहिले नाही; मूळ पुरवठादार हजर झाल्यावर मध्यस्थाशी व्यवहार कोण करतो? पेटीतला माल शीतकपाटात जमा झाला. मी यादी घेऊन रुजुवात करण्यास बसलो: पंप एक, नरसाळे एक, बाटल्या बरोबर, हातपंप न वापरलेला, लाडू संपलेले, झबले एक, झडप एक. सर्व जिन्नस ताब्यात आले, असे लिहून खाली सही करतो न करतो तोच सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, सही झाली ना? मग आता ते सगळं सुटं करून धुवायचं असतं. साबणानं. मग उकळायचं.”

जो जिन्नस ताब्यात घेतो त्याच्या निगराणीची जबाबदारी त्याच्यावर असते, हा दंडक मी नोकरीत अनेकांना ऐकवला आहे, त्यामुळे हरकत घेण्यास जागा नव्हती. झडपेसाठी वेगळा बारीक ब्रश लागतो आणि तो यादीत नव्हता, हे मला मोरीवर बसल्यावर कळले.